पेनसिल्व्हेनियाची बालपरवेशी

काही वर्षांपूर्वी माझे बाबा आमच्याकडे पाच महिने राहून गेले. आई-वडील आले की आपण सगळेच जे करतो ते आम्हीही केलं. लिबर्टी बेल झाली, हर्शीचा चॉकलेटचा कारखाना झाला, लँकेस्टरचे घोडागाडीवाले आमिश पाहून झाले. तिसऱ्या आठवड्यात दाखवायचं काय, हा प्रश्न पडला. मग एका रविवारी डबा घेऊन एक्स्टनच्या पुढे चेस्टर स्प्रिंग्जला, यलो स्प्रिंग्ज नावाच्या जुन्या वस्तीत गेलो. झरे आहेत, झाडी आहे, फिरायला बरं. त्यापलीकडे मला त्या जागेची काहीच माहिती नव्हती.

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिथल्या पाट्यांवरून कळलं की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, व्हॅली फोर्जच्या त्या भयंकर हिवाळ्यात, आजारी सैनिकांसाठी इथे इस्पितळ उभारलं होतं. त्याचे अवशेष अजून आहेत. आणि त्याच जागी पुढे, यादवी युद्धानंतर, १९१२ सालापर्यंत सैनिकांच्या पोरक्या मुलांची सरकारी खर्चाने चाललेली शाळा होती.

बाबा त्या पाटीपाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "अगं, ह्या पोरांच्या आयांचे कागद कोण करायचं?"

प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. माझे आजोबा १९४४ साली इटलीत पडले तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून कचेरीपर्यंत ती किती वेळा चालत गेली, किती कागदांवर अंगठा उठवला आणि किती वेळा "पुढच्या महिन्यात या" हे ऐकून परत आली, त्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. कायदा होता, पैसा मंजूर होता. पण कागद पुढे सरकत नव्हता.

बाबांच्या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते परत गेल्यावर लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचत गेले. जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांना सांगावं असं वाटलं. ज्या राज्यात आपण वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतो, टॅक्स भरतो, त्याच राज्याची ही गोष्ट आहे, आणि आपल्यातल्या फारच थोड्यांना ती माहीत असावी.

दारावर आलेली दोन मुलं

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धात पेनसिल्व्हेनियाने तीन लाखांहून अधिक माणसं लढायला पाठवली. त्यातली तीस हजारांहून जास्त परत आली नाहीत. केंद्र सरकारने १८६२ साली पेन्शनचा कायदा केला होता. त्यात साध्या शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर मिळत. मूल एक असो की सहा असोत, रक्कम तीच. मुलामागे दोन डॉलर जादा द्यायचं ठरलं ते १८६६ साली, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर.

अँड्र्यू कर्टिन हे त्या वेळी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. १८६३ सालचा थँक्सगिव्हिंगचा दिवस. लिंकनचं गेटिसबर्गचं प्रसिद्ध भाषण होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्या समारंभाला कर्टिन स्वतः हजर होते. सणाच्या दिवशी त्यांच्या हॅरिसबर्गच्या घराच्या दारात दोन मुलं भीक मागायला आली. वडील लढाईत मारले गेले, असं मुलांनी सांगितलं. ज्या गव्हर्नरने गावोगाव सभा घेऊन "तुम्ही लढायला जा, तुमच्या घरच्यांना राज्य वाऱ्यावर सोडणार नाही" असा धीर लोकांना दिला होता, त्याच्याच दारात ती मुलं उभी होती.

गोष्टीतला तपशील इकडचा तिकडचा असेलही. पण पुढचं कागदोपत्री आहे. जानेवारी १८६४ मध्ये विधिमंडळाला पाठवलेल्या संदेशात कर्टिन यांनी शहीद सैनिकांच्या गरीब मुलांची जबाबदारी राज्याने घ्यावी, अशी मागणी केली. ही मुलं म्हणजे राज्याचीच मुलं, असा त्यांचा आग्रह होता.

हे वाचताना मला आपला एक जुना शब्द आठवला. पेशवाईच्या कागदपत्रांत 'बालपरवेशी' असा शब्द येतो. लढाईत पडलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक करून दिली जाई, ती बालपरवेशी. म्हणजे ही कल्पना काही आपल्याला नवी नाही. पण बालपरवेशी ही धन्याची मर्जी. एकाने दिली, दुसऱ्याने बंद केली, तर विचारायचं कोणाला? कर्टिन यांना हवा होता तो कायदा. गव्हर्नर बदलला तरी मुलाचं ताट उचललं जाऊ नये.

धर्मादाय काय करू शकतो

कायदा कशाला, लोक देणग्या देतातच की, असं म्हणणारे तेव्हाही होते. आणि लोक खरंच देत होते. त्याची सगळ्यात गाजलेली कथा गेटिसबर्गचीच आहे.

जुलै १८६३ च्या लढाईनंतर गावातल्या एका कोपऱ्यात एक सैनिक मरून पडलेला सापडला. त्याच्या हातात काचेवरचा एक फोटो होता. त्यात तीन लहान मुलं. नाव नाही, पत्ता नाही. फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बर्न्स यांच्या हाती तो फोटो आला. वर्तमानपत्रात फोटो छापण्याची सोय त्या काळी नव्हती, म्हणून 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'ने ऑक्टोबरमध्ये मुलांचं नुसतं वर्णन छापलं. कोणाच्या अंगात कसला कपडा, कोण कोणाशेजारी बसलंय, असं सगळं. दुसऱ्या पत्रांनी ते उचललं. न्यू यॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टन नावाच्या बाईच्या वाचनात ते आलं, आणि आपण विधवा झालो हे तिला अशा रीतीने कळलं. सैनिकाचं नाव एमस ह्युमिस्टन.

देश हळहळला. त्या फोटोच्या प्रती विकून पैसा उभा राहिला आणि १८६६ साली गेटिसबर्गमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला. फिलिंडा आपल्या तीन मुलांना घेऊन तिथे कामाला आली. सुरुवात छान झाली. पण पुढे रोझा कारमायकल नावाची बाई व्यवस्थापक म्हणून आली आणि मुलांना मारहाण, कोंडून ठेवणं असे प्रकार सुरू झाले. प्रकरण कोर्टात गेलं. सत्तरचं दशक संपायच्या आत आश्रम बंद पडला. लोकांची हळहळ खरी होती, पण दहा वर्षांनी तिथे डोकावून बघायला कोणी उरलं नव्हतं.

पन्नास हजार डॉलर आणि एक जुने मास्तर

कर्टिन यांचा मूळ प्रस्ताव विधिमंडळात अडकला. खर्च किती येईल याचा अंदाज कोणालाच नव्हता. शेवटी ६ मे १८६४ रोजी जो कायदा झाला तो अगदीच छोटा होता. त्यामागे पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीचे पन्नास हजार डॉलर होते. १८६२ साली कंपनीने ते सैन्यभरतीसाठी देऊ केले होते, पण कायद्याने अधिकार नसल्यामुळे गव्हर्नरला ते घेता आले नव्हते. आता विधिमंडळाने म्हटलं, ते पैसे घ्या आणि मृत सैनिकांच्या व खलाशांच्या गरीब मुलांच्या शिक्षणावर आणि पालनपोषणावर तुम्हाला योग्य वाटेल तसे खर्च करा. बस्स. राज्याच्या तिजोरीतून एक सेंटही नाही!

हे काम कर्टिन यांनी जून १८६४ मध्ये टॉमस बरोज यांच्यावर सोपवलं. साठीला टेकलेले हे गृहस्थ लँकेस्टर काउंटीतले. तीस वर्षांपूर्वी राज्यातल्या मोफत शाळांची घडी त्यांनीच बसवून दिली होती. (पुढे १८६८ मध्ये ते आजच्या पेन स्टेटचे, म्हणजे तेव्हाच्या शेतकी कॉलेजचे अध्यक्ष झाले. आपली मुलं तिथे शिकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

बरोज यांच्याकडे इमारत नव्हती, माणसं नव्हती, पुढच्या वर्षीच्या पैशाची खात्री नव्हती. त्यांनी एक व्यवहारी तोड काढली. नवी इमारत बांधायची नाही. अगदी लहान मुलांना चालू असलेल्या अनाथाश्रमांत ठेवायचं आणि मोठ्यांसाठी गावोगावच्या खासगी निवासी शाळांशी करार करायचा. राज्य दर मुलामागे वर्षाला ठराविक रक्कम देईल. शाळेने राहणं, खाणं, कपडे, शिक्षण सगळं बघायचं.

आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. बरोज यांनी प्रत्येक काउंटीत स्थानिक प्रतिष्ठित स्त्री-पुरुषांच्या समित्या नेमल्या. वडिलांची रेजिमेंट, मृत्यू कसा झाला, मुलांची वयं, घरची परिस्थिती, हे सगळं आईने शपथेवर लिहून द्यायचं आणि समितीने ते तपासून पुढे पाठवायचं. म्हणजे कागद करायला गावातलं कोणीतरी होतं. आजीच्या वाट्याला आलं नाही ते हे.

इथे 'अनाथ' या शब्दाविषयी सांगायला हवं. त्या काळी वडील गेले की मूल अनाथ समजत. यातल्या बहुतेक मुलांच्या आया जिवंत होत्या. म्हणजे मदत मिळत होती, पण मूल घरापासून दूर पाठवून. पोरगं पोटभर जेवेल, शिकेल, पण आपल्या नजरेसमोर नसेल, ही निवड त्या आयांना करावी लागली. बाबा स्वतः दहाव्या वर्षी सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृहात गेले. "तिथे रोज दोन वेळा गरम जेवायला मिळायचं," असं ते सांगतात आणि जरा थांबून म्हणतात, "पहिले सहा महिने ते गिळवायचं नाही."

हॅरिसबर्गला गेलेली मुलं

पहिल्या शाळांपैकी एक होती जुनियाटा काउंटीतल्या मॅकअॅलिस्टरव्हिलची. तिचे चालक जॉर्ज मॅकफार्लंड हे मूळचे शिक्षक. युद्धात ते ज्या पलटणीचे प्रमुख होते, त्या १५१व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीत इतके शिक्षक होते की लोक तिला मास्तरांची पलटण म्हणत. गेटिसबर्गच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या दोन्ही पायांना गोळ्या लागल्या आणि एक पाय कापावा लागला. घरी परतल्यावर त्यांनी आपली शाळा सैनिकांच्या मुलांसाठी उघडली. पुढे १८६७ ते १८७१ या काळात या सगळ्या शाळांचे अधीक्षक तेच होते.

१८६६ साली पैसे संपत आले. युद्ध संपलं होतं, कर्ज डोक्यावर होतं, आणि विधिमंडळात कुरकुर सुरू झाली. मुलांना आपापल्या घरी पाठवा, गावच्या शाळेत जातील, असं काहीजण म्हणू लागले. तेव्हा मार्च महिन्यात मॅकअॅलिस्टरव्हिल, माउंट जॉय आणि पॅरडाइज इथल्या शाळांची तीनशेहून अधिक मुलं हॅरिसबर्गला नेली. गणवेश घातलेली मुलं-मुली रांगेने विधिमंडळाच्या सभागृहात गेली. त्यांनी गाणी म्हटली, पाठांतर म्हणून दाखवलं. बाकांवर बसलेल्या सभासदांपैकी कित्येकांच्या मतदारसंघातल्या सैनिकांचीच ती मुलं.

पैसे मंजूर झाले. दुसऱ्या वर्षी, १८६७ मध्ये, सविस्तर कायदाही झाला.

मला हे वाचून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. बापाने जीव दिला, त्याच्या बदल्यात पोराने सभागृहात गाणं म्हणून दाखवायचं, तेव्हा कुठे भाकरी चालू राहणार! कायद्याचा हा एक भाग आपण विसरतो. कायदा एकदा होतो, पण बजेट दर वर्षी होतं. आणि बजेटच्या वेळी ज्याचा आवाज नाही, त्याचं नाव पहिल्यांदा खोडलं जातं.

शाळांतला दिवस कडक शिस्तीचा होता. अभ्यासाखेरीज रोज ठराविक वेळ काम. मुलगे शेतावर, मुली शिवणकाम आणि स्वयंपाकघरात. मुलांना कवायतही असे. सोळा वर्षं पूर्ण झाली की शाळा सुटायची. सोळा पुरी केलेल्यांना 'सिक्स्टीनर' म्हणत, आणि पुढे या नावानेच माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरत.

काळ्या सैनिकांच्या मुलांचं काय? फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेन इथे सुमारे अकरा हजार कृष्णवर्णीय सैनिक तयार झाले होते. त्यांच्या मुलांनाही कायदा लागू होता, पण बसवलं वेगळं. बक्स काउंटीत ब्रिजवॉटर इथे त्यांच्यासाठी निराळी शाळा होती. बाप एकाच युद्धात पडले, तरी मुलांच्या पंगती निरनिराळ्या. पंगतीतला भेद आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

दरडोई भाव

बरोज यांच्या तोडीत एक फट होती. मुलामागे ठराविक रक्कम, आणि शाळा खासगी मालकीच्या. मॅकफार्लंडसारखा माणूस चालवतो तोवर ठीक. पण ताटात कमी वाढलं, कपडा वर्षभर जास्त चालवला, एका खोलीत चार मुलं जादा कोंबली, तर उरलेले पैसे मालकाचे.

हे लक्षात यायला वीस वर्षं लागली. तोवर मूळची मुलं मोठी होऊन गेली होती आणि मुदती वाढवत वाढवत, जखमी होऊन परतलेल्या गरीब सैनिकांच्या मुलांनाही प्रवेश मिळू लागला होता. १८८६ साली 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' या वर्तमानपत्राने बातम्या छापल्या, की काही शाळा एका टोळक्याने हाती घेतल्या आहेत आणि मुलांच्या तोंडचा घास काढून नफा कमावला जात आहे. गव्हर्नर रॉबर्ट पॅटिसन स्वतः ऍटर्नी जनरलना घेऊन शाळाशाळांत जाऊन आले. निकृष्ट जेवण, फाटके कपडे, गर्दी, अस्वच्छता, सगळं डोळ्यांनी पाहिलं.

गेटिसबर्गच्या आश्रमात जे झालं तेच इथेही झालं, मग कायद्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, फरक इथेच आहे. गेटिसबर्गचा आश्रम बंद पडला आणि विषय संपला. इथे विषय संपवता येईना, कारण मुलं राज्याची होती आणि पैसा लोकांचा होता. १८८९ साली विधिमंडळाने एक आयोग नेमला. त्यात विधिमंडळाचे सभासद होते आणि माजी सैनिकांच्या संघटनेचे लोकही. म्हणजे ज्यांनी त्या बापांच्या खांद्याला खांदा लावून लढाई केली, ते आता पोरांच्या ताटात डोकावून बघणार. नको त्या शाळा बंद झाल्या. मोजक्या उरल्या, त्यातलीच एक आमची चेस्टर स्प्रिंग्जची.

स्कॉटलंडची शाळा

१८९३ साली आणखी एक पाऊल पडलं. करार पुरे, राज्याने स्वतःच शाळा बांधायची. फ्रँकलिन काउंटीत चेंबर्सबर्गजवळ स्कॉटलंड नावाचं खेडं आहे. तिथे १८९५ साली शाळा सुरू झाली. पुस्तकी शिक्षणाबरोबर हातात धंदा द्यायचा, हा तिचा उद्देश. १९१२ मध्ये चेस्टर स्प्रिंग्जची शाळा बंद झाल्यावर ही एकच उरली. पुढे दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम झालं. प्रत्येक युद्धानंतर नव्या पिढीची मुलं आली. नावातला 'अनाथ' शब्द गेला आणि 'स्कॉटलंड स्कूल फॉर व्हेटरन्स चिल्ड्रन' असं नाव झालं. एक्क्याऐंशी नंबरच्या हायवेने आपण कित्येकदा तिच्या जवळून गेलो असू.

२००९ साली मंदी होती. गव्हर्नर एड रेंडेल यांच्या बजेटमध्ये शाळेसाठी पैसे नव्हते. तेव्हा तिथे जवळपास तीनशे मुलं होती, त्यातली बरीच फिलाडेल्फियाची. पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, माजी सैनिकांनी खूप धडपड केली, हॅरिसबर्गच्या वाऱ्या केल्या. या वेळी पैसे मंजूर झाले नाहीत. जूनमध्ये शाळा बंद झाली. त्याच वर्षी इंडियाना राज्यातली नाइट्सटाउनची अशीच शाळाही बंद झाली.

बंद करणाऱ्यांचीही बाजू होती. निवासी शाळेत दर मुलामागे खर्च फार. शिवाय १९३९ च्या कायद्यामुळे वडील गेलेल्या मुलांना सोशल सिक्युरिटी मिळते, १९५६ पासून सैनिकांच्या पोरक्या मुलांना केंद्राची शैक्षणिक मदत मिळते. मूल आईपासून तोडण्यापेक्षा घरी पैसे पोचवणं बरं, हा विचार चुकीचा नाही. १८६४ मध्ये हा पर्याय असता तर कित्येक आयांनी तोच निवडला असता. पण हे शहाणपण बजेट तुटतं तेव्हाच का सुचावं, हा प्रश्न उरतोच.

गोष्ट तिथे संपली मात्र नाही. २०१९ साली याच हॅरिसबर्गमध्ये नवा कायदा झाला. पेनसिल्व्हेनियाच्या नॅशनल गार्डमधल्या सैनिकाने आणखी सहा वर्षं सेवेची हमी दिली, तर त्याच्या नवऱ्याला, बायकोला किंवा मुलांना पाच वर्षांपर्यंत कॉलेजच्या फीची मदत मिळते. या धर्तीचा देशातला हा पहिला राज्य कायदा. आपल्यातल्या काहींची मुलंही आता गार्डमध्ये जातात. त्यांनी तो जरूर बघावा.

बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. मागच्या महिन्यात फोनवर मी त्यांना हे सगळं सांगितलं. गव्हर्नरच्या दारातली मुलं, मास्तरांची पलटण, सभागृहात गाणी म्हणणारी पोरं. शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ते सगळं झालं. पण आता कागद कोण करतं?"

या वेळी मला उत्तर येत होतं. पेनसिल्व्हेनियाच्या प्रत्येक काउंटीत माजी सैनिकांच्या कामासाठी एक संचालक असतो. अर्ज भरून देणं, दाखले मिळवणं, पुढे पाठवणं ही त्याच्या कचेरीची कामं. फी नाही.

"माणूस खुर्चीवर बसलेला असतो का?" बाबांनी विचारलं.

"असतो, बाबा," मी म्हटलं. "मी फोन करून बघितला."